चीनमधल्या नव्या बिल्डिंगांचे फोटो: आधी बाजू, मग वेळ, मग कॅमेरा

शांघाय-बीजिंगला जाऊन आलेल्या लोकांचे बिल्डिंगांचे फोटो मी बरीच वर्षं बघतोय. मित्रांचे, आर्किटेक्चरच्या पोरांचे, आणि माझ्या पहिल्या ट्रिपचे माझे स्वतःचेसुद्धा. चुका त्याच त्याच असतात. ऊन मागून येतंय आणि बिल्डिंग काळी ठिक्कर. नाहीतर रात्रीचा फोटो, आकाश कोळशासारखं आणि जाहिरातीचा स्क्रीन पांढरा फटक. नाहीतर मुळातच कललेली इमारत सॉफ्टवेअरने धरून उभी केलेली. आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी म्हणजे, बिल्डिंग आहे पण ती कुठे आहे तेच कळत नाही, समोरचा रस्ता, शेजारची जुनी घरं, सायकली, माणसं सगळं कापून टाकलंय, जणू काय टेबलावर ठेवलेलं मॉडेल.

यातली एकही चूक कॅमेरा स्वस्त आहे म्हणून होत नाही. क्रम उलटा असतो म्हणून होते. लोक आधी लेन्स घेतात, मग तिकीट काढतात, आणि बिल्डिंगचं तोंड पूर्वेला आहे की उत्तरेला हे तिथे पोचल्यावर बघतात. खाली जो क्रम दिलाय तो तसाच्या तसा पाळा. फोनवाल्यांनीही वाचा, नव्वद टक्के गोष्टी फोनला लागू आहेत.

## १. जागा कमी निवडा

एका ट्रिपमध्ये जास्तीत जास्त पाच बिल्डिंगा, आणि प्रत्येकीला दोन चकरा, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. वीस ठिकाणांची यादी केलीत तर वीस सेल्फी मिळतील, बाकी काही नाही.

जागा एकमेकींजवळच्या घ्या. शांघाय, हांगझोऊ आणि निंगबो हा एक गट, हायस्पीड ट्रेनने सहज जोडला जातो. बीजिंग आणि त्यान्चिन हा दुसरा, दोन्ही शहरांत ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. हार्बिनचं ऑपेरा हाऊस (आर्किटेक्ट मा यानसोंग यांच्या मॅड ऑफिसचं, २०१५) हवंच असेल तर ती वेगळी ट्रिप समजा, उत्तरेला फार लांब आहे आणि थंडीतलं गणितही वेगळं.

निवडताना एकाच जातीच्या घेऊ नका. एक उंच काचेची, एक खडबडीत भिंतीची, एक जिचं खरं काम आत आहे अशी. माझी नेहमीची शिफारस: शांघायला नदीपलीकडचे पुडोंगचे टॉवर, शांघायमध्येच वेस्ट बंड भागातलं लाँग म्युझियम (आतेलिए देशाऊस, २०१४), आणि निंगबोचं म्युझियम (वांग शू आणि लू वेनयू, २००८). बीजिंगला सीसीटीव्हीचं, म्हणजे तिथल्या सरकारी टीव्ही वाहिनीचं, मुख्यालय आणि गॅलॅक्सी सोहो हे कचेऱ्या-दुकानांचं संकुल. एवढ्यात सगळे धडे शिकून होतात.

तपासा: चीनमधली बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात. मी एकदा दोन तास ट्रेनने जाऊन बंद दारासमोर उभा राहिलोय, आणि वर तो दिवस असा लख्ख होता की विचारू नका.

## २. बिल्डिंगचं तोंड कुठे आहे ते घरी बसून शोधा

हा टप्पा लोक सोडतात आणि मग सगळंच चुकतं, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

कागद घ्या. प्रत्येक बिल्डिंगचा नकाशात दिसतो तसा आकार काढा, उत्तर दिशा मार्क करा, आणि प्रत्येक बाजूपुढे लिहा की ऊन तिथे कधी येतं. सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, पण कागदावर हाताने काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आता आपली एक सवय इथे आडवी येते. मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडे डिसेंबरमध्येही भर दुपारी सूर्य ४७ अंशांच्या आसपास वर असतो आणि मे-जूनमध्ये तर डोक्यावरून थोडा उत्तरेलासुद्धा जातो. बीजिंग ४० अंशांवर. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला, आणि डिसेंबरमध्ये तो जेमतेम २७ अंश वर येतो. याचे दोन परिणाम. एक, हिवाळ्यात बीजिंगमध्ये दुपारी बारा वाजतासुद्धा ऊन तिरपं आणि वापरण्यासारखं असतं, 'दुपारी फोटो काढू नये' हा आपला नियम तिथे लागू नाही. दोन, तोंड उत्तरेला असलेल्या बाजूवर हिवाळाभर थेट ऊन पडतच नाही, तुम्ही कितीही लवकर उठा. ती बाजू ढगाळ दिवसासाठी किंवा तिन्हीसांजेसाठी राखून ठेवायची.

शांघायचं उदाहरण घ्या. नदीच्या पश्चिम काठाला बंड, म्हणजे जुन्या दगडी इमारतींचा नदीकाठचा रस्ता, आणि पूर्व काठाला पुडोंगचे टॉवर. म्हणजे बंडवर उभं राहून तुम्ही पूर्वेकडे बघताय. सकाळी सहाला उठून तिथे धावत गेलात तर सूर्य त्या टॉवरांच्या मागून उगवतो आणि पुढून सगळं काळं दिसतं. बाह्याकृतीच हवी असेल तर ठीक, पण काच, कडा, शांघाय टॉवरचा पिळा (६३२ मीटर, २०१५) हे बघायचं तर दुपारनंतर जा, ऊन तुमच्या पाठीमागून येईल. तेच सकाळी पुडोंगच्या बाजूला उभं राहून बंडकडे बघितलंत तर जुन्या दगडी इमारती उजळलेल्या मिळतात. एकच नदी, दोन काठ, दोन वेगळ्या वेळा. एवढं कागदावर लिहिलं असतं तर माझ्या ओळखीच्या तिघांच्या तीन सकाळी वाचल्या असत्या.

घड्याळाचंही लक्षात ठेवा. अख्खा चीन एकाच वेळेवर चालतो, बीजिंगच्या. त्यामुळे हार्बिनला जूनमध्ये पहाटे पावणेचारच्या सुमारास उजाडतं आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य बुडतो, तर तिकडे पश्चिमेला छंगदूमध्ये जूनमध्ये रात्री आठनंतर मावळतो. 'संध्याकाळी सहाला पोचू' असं वाक्य शहराचं नाव घेतल्याशिवाय बोलायचंच नाही.

सावधान: नकाशांमध्ये एक गोची आहे. चीनमधले अधिकृत नकाशे मुद्दाम सरकवलेली स्थानं वापरतात, म्हणून बाहेरच्या ॲपमधला बिंदू उचलून तिकडच्या ॲपमध्ये टाकला की तो काहीशे मीटर भलतीकडे पडतो. सूर्याची दिशा त्याने बदलत नाही, पण तुम्ही चुकीच्या गल्लीत उभे राहता. तिथे फिरताना गाओदे किंवा बायडूचाच नकाशा वापरा, आणि बिल्डिंगचं चिनी नाव फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला लागतंच.

## ३. तारीख आणि हवा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, चिनी नववर्ष आणि १ मेच्या आसपासचे दिवस टाळा. ऑक्टोबरच्या त्या सुट्टीत बंडवर ट्रायपॉड सोडा, हात वर करायला जागा नसते. आपल्या दिवाळीची सुट्टी मात्र बऱ्यापैकी जमून येते, तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि उत्तरेत हवा कोरडी.

शांघाय-निंगबो पट्ट्यात जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत रिपरिप पाऊस असतो. काचेच्या टॉवरसाठी वाईट, पण ओल्या विटा-कौलांच्या भिंतीसाठी चांगला, रंग खुलतात.

बीजिंगमध्ये धुरकं कधी येईल सांगता येत नाही, पण हिवाळ्यात उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघतं. म्हणून बीजिंगचा एक दिवस मोकळाच ठेवा. वारा वाहून गेला की त्या दिवशी लांबचे फोटो, धुरकं असेल त्या दिवशी आतले.

## ४. कागदपत्रं, पैसे, फोन

हे पटकन. विझा वगैरे तुम्ही बघालच.

- पासपोर्ट खिशात हवा, हॉटेलच्या कपाटात नको. म्युझियमचं बुकिंग, ट्रेनचं तिकीट सगळं पासपोर्ट नंबरवर.
- बुकिंग बऱ्याच वेळा वीचॅटमधूनच (तिकडचं व्हॉट्सॲप म्हणा) होतं. वीचॅट आणि अलीपे (पैसे द्यायचं ॲप) इथूनच सुरू करून, कार्ड जोडून जा.
- आपलं सिम रोमिंगवर असेल तर व्हॉट्सॲप, गूगल सहसा चालतं. हॉटेलच्या वायफायवर नाही चालत. फोटोंचा बॅकअप गूगलवर ढकलू असं ठरवून गेलात तर फसाल, छोटी हार्ड डिस्क न्या.
- पॉवरबँक: २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत थ्री-सी (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) शिक्का नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर तो नसतो. सिक्युरिटीला काढून घेतात आणि वाद घालून उपयोग नाही. तिथेच विकत घ्या किंवा ट्रेनने फिरा.
- ड्रोन घरी ठेवा. वजन कितीही असो, २०२४ पासून प्रत्येक ड्रोनची नोंदणी लागते, आणि बीजिंगमध्ये तर विषयच सोडून द्या.
- फिल्मवर काढणाऱ्यांना: बीजिंग आणि शांघायच्या मेट्रोत प्रत्येक वेळी बॅग एक्स-रेमधून जाते. दिवसाला सहा वेळा मेट्रो म्हणजे सहा वेळा एक्स-रे. जास्त आयएसओची, म्हणजे उजेडाला जास्त संवेदनशील, फिल्म नेऊ नका.

## ५. बॅग: जेवढी कमी तेवढी बरी

एक २४ मिमीच्या आसपासची वाइड लेन्स, एक ७० ते २०० मिमीमधली. शिफ्ट लेन्स (कॅमेरा वर न टाकता दृश्य वर सरकवणारी) असेल तर उत्तम, नसेल तर वाइडने कॅमेरा अगदी समतल धरून काढा आणि खालचा फालतू रस्ता नंतर कापा, काम तेच होतं. १४-१६ची अतिवाइड लेन्स लोक हौसेने नेतात आणि तिनेच फोटो बिघडवतात, कारण तिच्यात मागचा टॉवर खेळण्याएवढा होतो आणि पुढची फरशी क्रिकेटच्या मैदानाएवढी. फोनवाल्यांनो, तुमचं ०.५ म्हणजे तेच. एकपटवर ठेवा आणि मागे चालत जा.

ट्रायपॉड छोटा. म्युझियमच्या आत तो बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि बाहेरही गार्डच्या लेखी ट्रायपॉड म्हणजे धंद्याचं शूटिंग. कठड्यावर टेकवायला तांदळाची छोटी पिशवी करा, मी तर आईने शिवलेली जुन्या जीन्सची पिशवी नेतो आणि तांदूळ तिथेच भरतो.

हार्बिनला जाणार असाल तर: जानेवारीत उणे वीस नेहमीचंच. बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, आणि बाहेरून आत येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून मगच आत यायचं, तो हळूहळू तापला की उघडा. नाहीतर काचेवर पाणी धरतं.

## ६. पोचल्यावर पहिला तास कॅमेरा बॅगेतच

खरंच सांगतोय. बिल्डिंगभोवती एक पूर्ण चक्कर मारा. मग रस्ता ओलांडून दुसरी, लांबून. या दोन चकरांत तीन गोष्टी शोधायच्या: लोक कुठून आत येतात, लोक कुठे बसतात, आणि बिल्डिंग शेजारच्या वस्तीला कशी भिडते.

निंगबो म्युझियमला ही चक्कर नाही मारली तर तुम्हाला बिल्डिंग समजलीच नाही. तिथल्या भिंती 'वापान' पद्धतीने बांधल्यात, म्हणजे आसपासची गावं पाडली गेली तेव्हा निघालेल्या जुन्या विटा आणि कौलं वेगवेगळ्या थरांत रचून. आपल्याकडे वाडा पाडला की सागवान आणि कौलं जुन्या बाजारात जातात ना, इथे तो सगळा बाजार भिंतीत गेलाय. आणि समोर काय, तर रुंद मोकळे रस्ते आणि नवे टॉवर, ज्यांच्यासाठी गावं गेली. नुसत्या भिंतीचा फोटो सुंदर येतो, पण भिंत आणि मागचा टॉवर एका फ्रेममध्ये आला की मग गोष्ट कळते. पहिल्या वेळी मी टॉवर दिसू नये म्हणून धडपडत होतो. अक्कल नंतर आली.

तपासा: तासाभरानंतर वहीत तीन उभं राहायच्या जागा लिहिल्यात का? नसतील तर अजून एक चक्कर.

## ७. फोटोंचा क्रम: लांबून, मधून, जवळून, मग आत

लांबचा फोटो आधी, कारण ऊन आणि हवा तुमच्या हातात नाही. भिंतीचा पोत, दाराची मूठ, जिना हे नंतरही मिळतं.

लांबून. मोठी लेन्स (७० ते २०० वाली) लावून दोनतीन चौक मागे जा. सीसीटीव्हीच्या आवारात तुम्हाला कोणी सोडणार नाही आणि गेटपाशी उभं राहून वर बघत काढलेला फोटो काहीच सांगत नाही. १० नंबर लाइनच्या जिनथाय शीचाओ स्टेशनला उतरा, भोवतालच्या रस्त्यांवर फिरा, पुढे जुन्या बसक्या घरांची ओळ आणि वर ती अगडबंब इमारत अशी जागा सापडेपर्यंत. बीजिंगकर तिला 'मोठी चड्डी' म्हणतात, लांबून बघितल्यावर का म्हणतात ते आपोआप कळतं.

मधून. इथे बांधकाम बोललं पाहिजे. सीसीटीव्हीच्या काचेवर तिरप्या पट्ट्यांची जाळी दिसते, ती सजावट नाही, सांगाडा आहे, आणि जिथे भार जास्त तिथे जाळी दाट होत जाते. वरचा भाग आधाराशिवाय तब्बल ७५ मीटर पुढे आलाय, तो काय उगीच उभा राहतो का. ७० ते १०० च्या लेन्सने दाट आणि विरळ जाळी एकाच फ्रेममध्ये घ्या.

जवळून. वापानच्या भिंतीचे किमान दोन फोटो लागतात. एक ढगाळ उजेडात, विटांचे करडे-लाल रंग खरे येतात. दुसरा भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हात, कौलांच्या कडांची सावली पडते आणि खोली दिसते. शेजारीच काँक्रीटच्या भिंती आहेत, त्यांचं शटरिंग बांबूचं होतं, त्याच्या रेघा काँक्रीटवर उमटल्यात. त्या फक्त तिरप्या उन्हात दिसतात, समोरून ऊन आलं की सपाट.

आत. लाँग म्युझियम याचा चांगला क्लास आहे. कोळसा उतरवायचा १९५० च्या दशकातला ११० मीटर लांब सांगाडा तसाच ठेवून त्याच्या बाजूने छत्रीसारख्या काँक्रीटच्या कमानी उभ्या केल्यात, आणि दोन कमानींच्या फटीतून वरून उजेड येतो. फट एकदम पांढरी, कोपरे काळे. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाही. हाताने तीन फोटो, एक कमी, एक मधला, एक जास्त, खांदा भिंतीला टेकवून श्वास रोखून. नंतर जोडताना हात आखडता ठेवा, कोपरे थोडे काळेच राहू द्या, ती जागा तशीच आहे.

त्यान्चिनच्या बिनहाय लायब्ररीत (एमव्हीआरडीव्ही, २०१७) जाणार असाल तर आधीच सांगतो म्हणजे तिथे हिरमोड नको. लाटांसारखी वरपर्यंत गेलेली पुस्तकांची कपाटं असतात ना फोटोत, त्यातल्या वरच्या फळ्यांवर पुस्तकं नाहीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली चित्रं आहेत. तीन वर्षांत घाईने बिल्डिंग उभी केली, वरच्या कपाटांना मागून जायची सोयच राहून गेली. लोक चिडतात. मला विचाराल तर तोच फोटो काढा, मोठ्या लेन्सने, खरी पुस्तकं संपून छापील कुठे सुरू होतात ती सीमा.

## ८. ओळंबा: सरळ काय आहे ते आधी ठरवा

आता मुख्य भानगड. आपण शिकलेलो असतो की बिल्डिंगच्या कडा उभ्या सरळ आल्या पाहिजेत. बरोबर आहे, चौकोनी बिल्डिंगला. पण चीनमधल्या गेल्या वीस वर्षांतल्या बऱ्याच बिल्डिंगा चौकोनी नाहीतच. सीसीटीव्हीचे दोन्ही मनोरे मुळातच सहा अंश कललेत. निंगबो म्युझियमच्या वरच्या भिंती बाहेर झुकल्यात. झाहा हदीदच्या गॅलॅक्सी सोहोत (२०१२) तर कोपराच नाही. अशा फोटोवर ऑटो सरळ करायचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर खुशाल खरा कल काढून टाकतं, नाहीतर उलटं काहीतरी वेडंवाकडं करतं. मग आर्किटेक्टने अडीअडचणी सोसून केलेला कल तुम्ही एका क्लिकमध्ये पुसला.

उपाय गवंड्याचाच, ओळंबा.

1. काढताना: कॅमेऱ्यातली लेव्हल चालू, आणि कॅमेरा खरोखर समतल. वर टाकायचा नाही.
2. फ्रेममध्ये ओळंब्यात असलेली एक तरी वस्तू घ्या. दिव्याचा खांब, शेजारची साधी चौकोनी बिल्डिंग, काचेच्या दाराची चौकट, काहीही.
3. एडिट करताना ऑटो बंद. हाताने, त्या खांबावर रेघ लावून सरळ करा. खांब सरळ झाला की बिल्डिंग जितकी वाकडी दिसेल तितकी ती खरंच वाकडी आहे.

गॅलॅक्सी सोहोसारख्या ठिकाणी आतल्या अंगणात उभं राहून वर बघताना खांबही सापडत नाही. तिथे एक तर पूर्ण वर बघा, अगदी सरळ डोक्यावर, किंवा पूर्ण समतल. अर्धवट वर टाकलेला कॅमेरा म्हणजे सगळे मजले घसरल्यासारखे दिसतात. पांढरे पट्टे फ्रेमच्या कोपऱ्यातून कसे बाहेर जातात तेवढं बघा, एक पट्टा जरी कोपऱ्यात अर्धा तुटला तरी डोळा तिथेच जातो.

आणखी एक, बाहेर झुकलेली भिंत सूर्य वर आला की स्वतःच्याच सावलीत जाते. म्हणून निंगबोच्या त्या भिंतींना उन्हाळ्यात सकाळ किंवा संध्याकाळच हवी.

सावधान: फोनचे कॅमेरे कधीकधी आपणहून कडा सरळ करतात. सेटिंगमध्ये ते बंद करून जा, नाहीतर तुम्ही काही न करताच कल गेलेला असेल.

## ९. रात्र: वीस मिनिटांचा खेळ

रात्रीचा फोटो रात्री काढायचा नसतो. सूर्य मावळल्यानंतर जी निळी वेळ असते, शांघायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं, त्यात आकाशाचा उजेड आणि बिल्डिंगचे दिवे बरोबरीत येतात. मावळतीच्या एक तास आधी जागा धरा. बंडवर कठड्याची जागा आयत्या वेळी कोणी देत नाही. दिवे कधी लागतात ते सिझनप्रमाणे बदलतं, आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या, आणि रात्री दहाच्या सुमारास बरेचसे विझतात हे धरून चला.

सेटिंग: आयएसओ १००, एफ ८, शटर दोनपासून आठ सेकंदांपर्यंत, उजेड कमी होत जाईल तसं वाढवत. टॉवरवरच्या एलईडी स्क्रीनसाठी वेगळा एक फोटो, एकदोन पायऱ्या कमी उजेडाचा. नाहीतर हलती अक्षरं एकमेकांत मिसळून पांढरा डाग होतो. उलट शटर खूपच जलद ठेवलं तर स्क्रीनवर आडव्या काळ्या पट्ट्या येतात. हाताने काढत असाल तर १/५० च्या आसपास रहा, वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका. जांभळे, हिरवे, पिवळे एलईडी एकत्र असले की ऑटो प्रत्येक फोटोत वेगळं काहीतरी ठरवतं आणि मग सेट जुळत नाही. ४००० केल्विनच्या आसपास लॉक करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, घरी बघू.

तपासा: पहिल्या फोटोनंतर स्क्रीनवरचा सगळ्यात उजळ भाग मोठा करून बघा. अक्षरं वाचता येतात का? नसतील तर एक्स्पोजर अजून कमी.

## १०. माणसं आणि गार्ड

कोणीच नसलेला फोटो मिळावा म्हणून लोक तासभर थांबतात. का ते मला कळत नाही. माणूस नसेल तर सहा मीटरची भिंत आणि सोळा मीटरची भिंत सारखीच दिसते. इवान बानसारख्या फोटोग्राफरने सीसीटीव्ही बांधली जात असल्यापासून तिचे फोटो काढलेत, आणि त्याच्या कामात कामगार, रस्ता, फेरीवाले, सगळं असतं. नदीकाठी संध्याकाळी स्पीकर लावून नाचणाऱ्या बायका आणि त्यांच्या मागे एखादी बिल्डिंग, यापेक्षा जास्त चीन कुठल्या फोटोत येणारे.

बेइदायहेच्या समुद्रकाठच्या त्या प्रसिद्ध वाचनालयाचंही तसंच (व्हेक्टर आर्किटेक्ट्स, २०१५). फोटोत ते वाळूवर एकटं उभं असतं. पण फोटो एवढा गाजला की आता तिथे रांगा असतात. एकटेपणा शोधत जाऊ नका, रांगेसकट काढा.

लहान मुलांचे जवळून फोटो पालकांना विचारूनच. 'खअ यी फाय मा?' म्हणजे 'फोटो काढू का?', एवढं पाठ करून जा, लोक हसून हो म्हणतात.

गार्ड आला तर ट्रायपॉड मिटवा, हसा, मागे सरका. बहुतेक वेळा त्याची हद्द फरशीच्या रंगावर बदलते. फुटपाथवर आलात की त्याला काही देणंघेणं नसतं. सरकारी कचेऱ्या, पोलीस, सैनिक यांच्याकडे मोठी लेन्स रोखू नका. बीजिंगच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा तो टायटॅनियमचा घुमट (पॉल आंद्रू, २००७) काढताना विशेष जपून, आजूबाजूला सगळा सत्तेचा परिसर आहे. तिथे घुमट आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब, एवढंच.

## ११. घरी आल्यावर

आधी निवड, मग एडिट. एका बिल्डिंगचे सात-आठ फोटो, जास्त नाही, आणि त्यात लांबचा एक असलाच पाहिजे.

आकाश बदलू नका. धुरक्याचा दिवस होता तर तो धुरक्याचाच राहू दे, निळं आकाश चिकटवलं की भिंतीवरची सावली चुगली करते, वर कडक निळं आणि खाली सावलीच नाही. करड्या विटा सावलीत निळसर येतात, तेवढं मात्र दुरुस्त करा, तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स हमखास फसतो.

कॅप्शनमध्ये चार गोष्टी: बिल्डिंगचं नाव, शहर, आर्किटेक्ट, आणि बांधून झालेलं वर्ष. शिवाय तुम्ही फोटो काढल्याची तारीख वेगळी लिहा, कारण तिथे दोन वर्षांत शेजारी नवा टॉवर उभा राहतो. चिनी नावात आडनाव आधी येतं, वांग शू मधलं वांग हे आडनाव, उगाच उलटं करू नका. निंगबो म्युझियमखाली वांग शूबरोबर लू वेनयूचंही नाव टाका. प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरचं सगळ्यात मानाचं बक्षीस, २०१२ मध्ये एकट्या वांग शूला मिळालं म्हणून लोक तिला विसरतात, पण ऑफिस दोघांचं आहे. परदेशी आर्किटेक्टच्या कामाला स्थानिक डिझाइन इन्स्टिट्यूट जोडलेली असतेच, सीसीटीव्हीला ओएमए या परदेशी आर्किटेक्ट ऑफिसबरोबर शांघायची ईस्ट चायना इन्स्टिट्यूट होती, तेही लिहा.

आणि मूळ रॉ फाइली डिलीट करू नका. पहिल्या ट्रिपला मी निंगबोच्या भिंती ऑटोने सरळ करून जेपीजी ठेवली आणि बाकी सगळं उडवलं. तो कल परत मिळवायला मला पुन्हा निंगबोला जावं लागलं.